रिफायनरीवर पहारा कोणाचा असतो आणि तो कुठे अपुरा पडतो

कोपरखैरण्यात राहणाऱ्या, मूळच्या राजापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, तेलशुद्धीकरण कारखान्यांवर पर्यावरणाच्या बाबतीत सरकारचे नियंत्रण नेमके कोणाकडे असते, त्यात खरोखर काही तपासले जाते की सगळा कागदी कारभार असतो, त्यांच्या घरी रात्री अकरानंतर येणारा उग्र वास खाडीपलीकडच्या माहुलच्या रिफायनऱ्यांचा असू शकतो का, आणि उद्या गावाकडे रिफायनरी आलीच तर जनसुनावणीत काय विचारावे. मी या क्षेत्रात तीस वर्षांहून अधिक काळ काढला आहे. आधी एका रिफायनरीच्या पर्यावरण विभागात नोकरी केली आणि नंतर ठाण्यात राहून कारखान्यांच्या पर्यावरण लेखापरीक्षणाची कामे केली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचे कागद पाहिले आहेत आणि त्यांतले काही स्वतः लिहिलेही आहेत.

आधी वासाबद्दल लिहितो, कारण तो उलगडला की नियमांची रचना समजायला सोपी जाते. कोपरखैरण्यापासून माहुल सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटर, नैर्ऋत्येला आहे. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. रात्री, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत, तो उलटतो आणि जमिनीकडून खाडीकडे येऊ लागतो. तुमच्या घराच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा आहे आणि त्याच्या मागे पारसिकचा डोंगर. रात्री डोंगरउतारावरून घसरणारी थंड हवा त्या पट्ट्यावरून सरकत वस्तीत येते, आणि वर उबदार थराचे झाकण बसलेले असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगतच साचते. म्हणून हिवाळ्यात रात्री अकरानंतर येणारा वास रिफायनरीचा नसून जवळच्या एखाद्या रासायनिक कारखान्याचा असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी जोरदार नैर्ऋत्य वारा असताना कुजक्या अंड्यांसारखा वास आला, तर मात्र खाडीपलीकडे बोट दाखवायला थोडीफार जागा आहे. तरी तेवढ्या अंतरात आणि तेवढ्या वाऱ्यात तो बहुधा विरून जातो.

माहुल, आंबापाडा, चेंबूर इथल्या लोकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या डोक्यावर 1954 आणि 1955 साली सुरू झालेल्या दोन रिफायनऱ्या, त्यांच्या साठवण टाक्या आणि रसायनांची टर्मिनले अशी सगळी गर्दी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2020 मध्ये तिथल्या चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई बसवली. या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब रकमेची नाही. वादाच्या केंद्रस्थानी धुरांड्यातला धूर नव्हता, तर साठवणूक, भरणे आणि उतरवणे या कामांतून सुटणारी सेंद्रिय वाफ होती. आपले नियमन धुरांड्यापाशी सर्वांत सक्षम आहे आणि लोकांच्या नाकाशी पोहोचणारी गोष्ट बहुतेक वेळा धुरांड्यातून येत नाही. माझे सगळे उत्तर या एका विसंगतीभोवती फिरते.

आता अधिकार कोणाचा ते पाहू. 1974 चा जल कायदा, 1981 चा वायू कायदा आणि 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा या तीन खांबांवर ही इमारत उभी आहे. नवी रिफायनरी किंवा जुनीचा विस्तार असेल तर 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची पर्यावरण मंजुरी लागते. पेट्रोलियम शुद्धीकरणाचे सगळे प्रकल्प ‘अ’ वर्गात असल्यामुळे राज्याला ते परस्पर निकालात काढता येत नाहीत. मंजुरी मिळाल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते, आधी उभारणीसाठी आणि मग चालवण्यासाठी. मर्यादांचे आकडे केंद्र ठरवते, राज्य मंडळ त्यांहून कडक आकडे घालू शकते, सैल मात्र करू शकत नाही. घातक कचऱ्यासाठी 2016 च्या नियमांखालील अधिकारपत्र वेगळे असते. टाक्यांची स्फोटक सुरक्षा, कामगारांची सुरक्षा, किनारा नियमन ही आणखी वेगवेगळी दालने आहेत, आणि तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला तिथे ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे ऐकावे लागते ते बऱ्याचदा खरेही असते. हवा, पाणी आणि कचरा या तीन गोष्टींसाठी दार एकच आहे, ते म्हणजे राज्य मंडळाचे प्रादेशिक कार्यालय. नवी मुंबईचे बेलापूरला आहे आणि ठाण्याचे वागळे इस्टेटमध्ये.

रिफायनरीसाठीची मानके 18 मार्च 2008 च्या अधिसूचनेने सुधारली गेली आणि ती, माझ्या मते, चांगली मानके आहेत. सांडपाण्याचेच उदाहरण घ्या. तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम, जैविक ऑक्सिजन मागणीची 15, रासायनिक ऑक्सिजन मागणीची 125, फिनॉलची 0.35 आणि सल्फाइडची 0.5 मिलिग्रॅम आहे. एवढेच असते तर कोणीही नळाचे पाणी मिसळून आकडा खाली आणला असता. म्हणून त्याच तक्त्यात दुसरा स्तंभ आहे, तो म्हणजे दर हजार टन कच्च्या तेलामागे एकूण किती किलो प्रदूषक सोडता येईल याचा. तेल-ग्रीससाठी ही मर्यादा 2 किलो आहे. हा हिशोब प्रति टन 0.4 घनमीटर सांडपाणी धरून केलेला आहे. वर्षाला 120 लाख टन कच्चे तेल शुद्ध करणारा कारखाना धरला, तर रोजचे साधारण 33 हजार टन होतात, म्हणजे दिवसाला सुमारे 66 किलो तेल-ग्रीस आणि 13 हजार घनमीटरच्या आसपास पाणी. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की लोक पहिला स्तंभ बघतात आणि समाधान मानतात. दुसऱ्या स्तंभासाठी प्रवाहमापकाचे आकडे लागतात, ते अहवालात बहुधा जोडलेले नसतात आणि कोणी मागतही नाही.

हवेच्या बाबतीत भट्ट्या, बॉयलर आणि वीज संच यांच्यासाठी वायू इंधन आणि द्रव इंधन यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. वायू इंधनावर सल्फर डायऑक्साइड प्रमाणित घनमीटरला 50 मिलिग्रॅम, तर द्रव इंधनावर जुन्या कारखान्यांना 1700 आणि नव्यांना 850 मिलिग्रॅम. ही तफावत पाहिली की कारखाना कोणते इंधन जाळतो हा प्रश्न धुरांड्याच्या उंचीपेक्षा किती मोठा आहे ते ध्यानात येते. नैसर्गिक वायूचा भाव चढला की इंधन तेलाकडे वळण्याचा मोह होतो आणि तोही मर्यादेच्या आतच बसतो. कायदा मोडला जात नाही, हवा मात्र बदलते. संमतीपत्रात इंधनाचा प्रकार आणि रोजचे प्रमाण लिहिलेले असते. ते वाचा, कारण मंडळाच्या हातातले खरे नियंत्रण तिथे आहे.

आता गंधकाकडे येतो आणि इथे थोडा वेळ थांबतो, कारण माझ्या दृष्टीने रिफायनरीच्या नियमनाचा गाभा हाच आहे. कच्च्या तेलात गंधक असतेच, आखाती तेलात दीड-दोन टक्के किंवा त्याहून अधिक. 1 एप्रिल 2020 पासून देशभर पेट्रोल-डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत 10 भागांवर आणले गेले. गाड्यांच्या धुराच्या दृष्टीने हे उत्तम झाले, पण तेलातून काढलेले गंधक नाहीसे होत नाही. ते हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने कारखान्यातच एकवटते. तो वायू सल्फर रिकव्हरी युनिटमध्ये, ज्याला आम्ही एसआरयू म्हणतो, नेला जातो. तिथे त्याचा एक तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि उरलेल्याशी त्याची उत्प्रेरकावर क्रिया घडवून पिवळे गंधक वेगळे काढतात. दोन-तीन टप्प्यांत 95 ते 98 टक्क्यांपर्यंत गंधक हाती लागते. त्यापुढे जायचे तर शेवटी उरणाऱ्या वायूवर (टेल गॅसवर) पुन्हा प्रक्रिया करणारे वेगळे युनिट बसवावे लागते. दिवसाला 20 टनांहून मोठ्या संयंत्रासाठी कायद्याची अपेक्षा जुन्यांकडून 98.7 टक्के आणि नव्यांकडून 99.5 टक्के आहे.

हे दोन्ही आकडे शंभराच्या इतके जवळ आहेत की सामान्य माणसाला त्यांत फरक दिसत नाही. म्हणून हिशोब मांडून पाहा. समजा एसआरयूकडे दिवसाला 400 टन गंधक येते. 99.5 टक्के पकडले तर 2 टन सुटते आणि त्याचे जळून 4 टन सल्फर डायऑक्साइड होते. 98.7 टक्के पकडले तर 5.2 टन सुटते आणि 10.4 टन सल्फर डायऑक्साइड होते, म्हणजे अडीच पटींहून जास्त. हा झाला मर्यादांचा फरक. आता समजा, वीज गेल्याने किंवा बॉयलरचे पाणी थांबल्याने एसआरयू सहा तास बंद पडले आणि येणारा वायू तसाच फ्लेअरकडे, म्हणजे उंच नळावरच्या ज्योतीकडे, वळवावा लागला. सहा तासांचे गंधक 100 टन, त्याचे सल्फर डायऑक्साइड 200 टन. नव्या मानकाप्रमाणे पन्नास दिवसांत जेवढे सुटायला हवे, तेवढे एका पाळीत सुटले. पण महिन्याच्या सरासरीचा अहवाल पाहणाऱ्याला हे दिसेलच असे नाही, कारण कार्यक्षमतेचा आकडा बहुधा संयंत्र चालू असतानाचा असतो.

म्हणून मी लेखापरीक्षणाला गेलो की पहिल्यांदा उत्सर्जनाचा तक्ता मागत नसे. मी एसआरयूच्या बंद तासांची नोंदवही मागत असे, आणि त्याच्या शेजारी त्या तासांत कच्च्या तेलाचा प्रवाह किती कमी केला याची नोंद. दुसरा आकडा बदललेला नसेल, तर कारखान्याने उत्पादन चालू ठेवून वायू जाळला असा त्याचा सरळ अर्थ होतो. जिथे राखीव एसआरयू पूर्ण क्षमतेचे असते, तिथे ही वेळ क्वचित येते. जिथे ‘दोन संयंत्रे, प्रत्येकी साठ टक्के’ अशी रचना असते, तिथे एक पडले की प्रवाह कमी करण्याचे धैर्य कोणी दाखवायचे हा प्रश्न पाळीच्या प्रमुखावर येतो, आणि रात्री दोन वाजता तो धैर्य दाखवत नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. मी स्वतः त्या खुर्चीच्या जवळ बसलेलो आहे.

फ्लेअरबद्दल लोकांचा एक गैरसमज इथेच दूर करतो. उंच नळावर जळणारी ज्योत ही मूळात सुरक्षेची सोय आहे. दाब अचानक वाढला तर वायू जाळून टाकणे हे तो तसाच सोडण्यापेक्षा कितीतरी बरे. ज्योत दिसणे म्हणजे गुन्हा नव्हे. काळा धूर दिसणे म्हणजे ज्योतीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या वाफेचे मिश्रण बिघडले आहे, आणि तासन्‌तास मोठी ज्योत दिसणे म्हणजे आत काहीतरी नेहमीसारखे चाललेले नाही. तक्रार करायची असेल तर दिवस, सुरुवातीची आणि शेवटची वेळ आणि एक छायाचित्र एवढे पुरते. त्या वेळेला नोंदवहीत काय लिहिले आहे, हे मंडळाने तपासायचे असते.

आता तो भाग, ज्यामुळे मी आधी माहुलचा उल्लेख केला. मोठ्या रिफायनरीत व्हॉल्व्ह, फ्लँज, पंपांचे सील, नमुने घेण्याचे नळ असे गळू शकणारे घटक हजारोंनी, मोठ्या ठिकाणी लाखाच्या घरात असतात. प्रत्येकातून थोडीशी वाफ सुटते आणि त्यात बेंझिन हे कर्करोगकारक रसायनही असते. 2008 च्या अधिसूचनेने यासाठी गळती शोधून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम बंधनकारक केला. प्रत्येक घटकाशी उपकरणाचे टोक नेऊन मोजायचे; 1 जानेवारी 2009 पासून दशलक्ष भागांत 5000 भागांहून जास्त आले तर ती गळती; पाच दिवसांत दुरुस्तीचा पहिला प्रयत्न आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती पूर्ण. तपासणी सुरुवातीला दर तिमाहीला असते. गळक्या घटकांचे प्रमाण सलग दोन टक्क्यांच्या खाली राहिले तर ती सहामाही आणि पुढे वार्षिकही करता येते.

ही सवलत देण्यामागचा हेतू चांगला होता, पण तिच्यामुळे कमी गळती ‘सापडण्यात’ सर्वांचा फायदा झाला. मोजणारी कंत्राटी संस्था कारखान्याने नेमलेली, तिचे देयक कारखान्याने द्यायचे आणि अहवालही कारखान्यानेच सादर करायचा. एका ठिकाणी मला सलग सात तिमाहींचे अहवाल दाखवले गेले. प्रत्येकात गळत्या अकरा ते चौदा. एवढी सुसंगती यंत्रांना साधत नाही. मी मोजणी करणाऱ्या मुलाबरोबर सकाळी निघालो. उन्हात, शिडीवर, हातात जड उपकरण घेऊन तो दिवसाला आठशे घटक तपासत होता, कारण दर घटकामागे मिळणाऱ्या पैशांत त्याहून कमी परवडत नव्हते. उपकरणाचे टोक तो व्हॉल्व्हच्या ग्लँडला न टेकवता वीतभर अंतरावरून फिरवत होता. वीतभर अंतरावर पाच हजाराचे पाचशे होतात. मी त्याला टोक टेकवून काही सेकंद थांबायला सांगितले, तेव्हा पहिल्या शंभर घटकांतच सहा गळत्या निघाल्या. तो मुलगा अप्रामाणिक नव्हता. कामाचा दरच असा ठरवला होता की पद्धत पाळणे शक्य नव्हते. कारखान्याने पुढच्या वर्षी दर घटकाऐवजी दर दिवसावर आणला. नियमात मात्र याबद्दल एक अक्षरही नाही.

साठवण टाक्यांचेही तसेच आहे. हलक्या तेलासाठी तरंगते छप्पर आणि दुहेरी सील हवे, हे कागदावर असतेच. पण सीलचे रबर किती वर्षांपूर्वीचे आहे आणि छप्पर व भिंत यांच्यातली फट शेवटची कधी मोजली, हे विचारले की खोलीत शांतता पसरते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात तेल वेगळे करणारे उघडे हौद हा तिसरा स्रोत आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे उभे राहिलात तर नाकाला पुरावा वेगळा द्यावा लागत नाही.

तपासणी खरोखर होते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे दोन भागांत देतो. धुरांडे आणि सांडपाण्याचे तोंड इथे होते, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली होते. रिफायनरी ही अतिप्रदूषणकारी ठरवलेल्या 17 उद्योगवर्गांपैकी एक आहे, आणि फेब्रुवारी 2014 च्या निर्देशांपासून या सर्वांना अखंड मोजणारी उपकरणे बसवून त्यांचे आकडे थेट केंद्रीय आणि राज्य मंडळाकडे पाठवावे लागतात. मर्यादा ओलांडली की संदेश जातो. हे मी आधीच्या काळाशी तुलना करून सांगतो, जेव्हा अधिकारी येणार हे फाटकावरच्या चहावाल्याला आदल्या दिवशी माहीत असे. मात्र या उपकरणांनाही निगा लागते. आलेखावर तासन्‌तास अगदी सरळ रेषा दिसली तर उपकरण गोठले आहे किंवा कोणी कमाल आकडा बांधून ठेवला आहे असे समजावे. जिवंत भट्टीची रेषा कधी सरळ नसते. शिवाय मंडळाचे अधिकारी अधूनमधून स्वतः नमुना घेतात, त्याला आमच्याकडे जेव्हीएस म्हणतात. न्यायालयात उभा राहायचा असेल तर नमुना जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे, कारखान्याला सूचना देऊन आणि मागणी झाल्यास दोन भाग करून घ्यावा लागतो. ही पद्धत चुकली की उत्तम पुरावाही वाया जातो, आणि ती चुकताना मी पाहिली आहे.

दुसरा भाग परिसराच्या हवेचा. नोव्हेंबर 2009 च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत बेंझिनची मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, पण ती फक्त वार्षिक सरासरीची. चोवीस तासांची मर्यादा बेंझिनला नाहीच. एका रात्री ते वीसपट झाले आणि बाकीचे वर्ष ठीक गेले, तर कागदावर काहीच घडलेले नसते. हायड्रोजन सल्फाइड तर त्या बारांत येतच नाही. ज्या वायूचा वास माणसाला अब्जांशातल्या काही भागांवरही येतो, त्याला परिसर हवेत राष्ट्रीय मर्यादा नाही. म्हणून वासाची तक्रार घेऊन गेलात आणि ‘सर्व मापदंड मर्यादेत आहेत’ असे लेखी उत्तर आले, तर ते खोटे असेलच असे नाही. ज्याचा वास येतो ते मोजलेच गेलेले नसते, एवढेच. तक्रार लिहिताना वासाचे वर्णन करा. कुजके अंडे, पेट्रोल, व्हिनेगर, जळके रबर या प्रत्येकाचा अर्थ आमच्यासारख्यांना वेगळा लागतो. वेळ मिनिटांसह लिहा, आणि वारा कुठून येत होता ते गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरून पाहून लिहा. अशा पंधरा तारखांची यादी एका संतापलेल्या पत्रापेक्षा जास्त काम करते, कारण तिच्यावरून कोणत्या दिशेच्या कोणत्या कारखान्याची रात्रपाळी तपासायची ते ठरवता येते.

शिक्षेबद्दल थोडक्यात. वायू कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतल्या बहुतेक तुरुंगवासाच्या तरतुदींची जागा आता दंडाने घेतली आहे. 2023 च्या दुरुस्तीप्रमाणे 1 एप्रिल 2024 पासून हा दंड 10 हजार ते 15 लाख रुपये आहे. दिवसाला शंभर कोटींहून अधिक किमतीचे कच्चे तेल गाळणाऱ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. कारखाना बंद करण्याचा, त्याचे वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मंडळाला आहे, परंतु शहराचे इंधन जिथून येते ती रिफायनरी उद्या सकाळपासून बंद ठेवा असा आदेश निघणार नाही हे आदेश काढणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. प्रत्यक्षात चालणारे हत्यार मधले आहे, ते म्हणजे बँक हमी. महाराष्ट्रात संमतीपत्राच्या परिशिष्टात कामे, त्यांची मुदत आणि त्यापोटी ठेवलेली हमी लिहिलेली असते. मुदत चुकली की हमी जप्त. रक्कम मोठी नसते, पण ती जप्त झाल्याचे लेखा विभागाला कळते, तिथून ते संचालकांच्या बैठकीत जाते आणि पर्यावरण विभागाच्या माणसाला वर्षभर न मिळालेला निधी आठवड्यात मिळतो. हे मी अनुभवलेले आहे.

आता गावाकडचा प्रश्न. नाणारच्या रिफायनरीसाठीची भूसंपादन अधिसूचना मार्च 2019 मध्ये रद्द झाली, पुढे एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून आंदोलन झाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. प्रकल्प यावा की न यावा यावर मी इथे मत देत नाही. कुठल्याही रिफायनरीची जनसुनावणी झाली तर काय पाहावे, तेवढे सांगतो. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो आणि सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला प्रतिनिधी चालवतो. तिथे मतदान नसते. हजार लोकांनी विरोधाच्या घोषणा दिल्या तर कार्यवृत्तात ‘ग्रामस्थांनी विरोध नोंदवला’ अशी एक ओळ येते. एका माणसाने टाकीक्षेत्राच्या खालच्या झऱ्यांचा प्रश्न विचारला, तर तो स्वतंत्र मुद्दा म्हणून नोंदवून त्याला कंपनीचे लेखी उत्तर घ्यावे लागते. दोन्ही गोष्टी करता येतात, पण फक्त पहिली केली तर मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे काहीच पोहोचत नाही.

झऱ्यांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. कोकणातला सडा म्हणजे जांभ्याचा थर, आणि जांभा पाणी धरून न ठेवता खाली झिरपू देतो. सड्यावर पडलेला पाऊस उतारावरच्या झऱ्यांतून गावाच्या विहिरींना मिळतो. अशा जागी टाक्या बसवायच्या तर त्यांच्या तळाखाली अभेद्य अस्तर काय असेल, निरीक्षण विहिरी किती आणि कुठे असतील, आणि प्रकल्पाआधीच्या पाण्याचे नमुने कोणत्या झऱ्यांतून घेतले, हे प्रश्न पहिले. दुसरे असे की हवेची पायाभूत मोजणी साधारणपणे एका ऋतूची, पावसाळा सोडून केलेली असते. कोकणात पावसाळा चार महिने असतो आणि वाऱ्याची दिशा तेव्हा पूर्ण बदलते, त्यामुळे त्या दिशेला असलेली गावे, प्रदूषण कुठे पसरेल याच्या गणिती प्रतिमानात कुठे येतात ते विचारा. मुसळधार पावसाच्या पहिल्या तासात टाकीक्षेत्रातून वाहणारे तेलकट पाणी किती क्षमतेच्या हौदात अडवणार, हेही विचारा. मुंबईच्या पावसासाठी काढलेला आकडा राजापूरला पुरेलच असे नाही. आणि एसआरयूबद्दल एकच वाक्य लेखी द्या: एक संयंत्र पूर्ण बंद असताना उरलेली संयंत्रे सगळे गंधक पेलतील का, आणि पेलणार नसतील तर किती तासांत कच्च्या तेलाचा प्रवाह कमी केला जाईल. या प्रश्नाला ‘सर्व मानकांचे पालन केले जाईल’ असे उत्तर आले, तर ते उत्तर नाही असे तिथेच नोंदवायला सांगा.

मंजुरी मिळाल्यास तिच्या अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सर्वांना पाहता येतो. तुमचा प्रश्न अट म्हणून त्या मंजुरीत शिरला, तर पुढे दर सहा महिन्यांनी कंपनीला त्याचे उत्तर लिहावे लागेल. म्हणून म्हणणे मराठीतच पण लेखी द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सुनावणीच्या शेवटी कार्यवृत्त लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवणे आणि त्याच दिवशी त्यावर सही होणे बंधनकारक आहे. तोवर बहुतेक लोक शेवटची एसटी गाठायला निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा, आणि तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर सही होण्यापूर्वी उठून सांगा.